केमिस्ट्रीचा ऑनलाइन होमवर्क : वडोदऱ्याला शिकणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी



या पानावर आपण एरवी डिझेलचा परतावा, बंदीचे दिवस, हवामानाचा इशारा असल्या गोष्टी टाकतो. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्याच घरांतला आहे. आपल्या किनाऱ्यावरची काही मुलं-मुली बारावीनंतर वडोदऱ्याला बीएससी करायला गेलीत, त्यात केमिस्ट्री घेणारे बरेच. घरचे ऑफिसात येतात आणि विचारतात, "सेक्रेटरी, पोरगं सुट्टीत घरी आलं तरी फोनमध्येच असतं. म्हणतं होमवर्क करतो. फोनवर कसला होमवर्क?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या वेळी होमवर्क म्हणजे वही, आणि वहीवर बाईंची लाल सही. आता तसं राहिलं नाही. म्हणून हा धडा नीट वाचा. पोरांनीही वाचा आणि आईबापांनीही.

वडोदरा आणि केमिस्ट्री

वडोदऱ्याचं आणि रसायनाचं नातं जुनं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड तिथे राजे झाले आणि त्यांनी 1890 साली कलाभवन ही कारागिरी आणि तंत्र शिकवणारी शाळा काढली. ती उभी करणारे त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनाचे प्राध्यापक. त्यांच्याच प्रेरणेने 1907 साली अलेम्बिक कारखाना निघाला. पुढे खताचा कारखाना, कोयलीची रिफायनरी, पेट्रोकेमिकल, अशी रांगच लागली. त्यामुळे केमिस्ट्री शिकलेल्या पोराला त्या भागात प्रयोगशाळेत, कारखान्यात, पाणी तपासणीत काम मिळायची वाट आहे.

तिथलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 चं, त्याच्या पोटातलं बडोदा कॉलेज 1881 चं. गावात मराठी बोलणारे खूप, दांडिया बाजारात गेलं तर मराठी कानावर पडतंच. पण विज्ञानाचं शिक्षण इंग्रजीतून. आपल्या शाळेतून गेलेल्या पोराची पहिली अडचण केमिस्ट्री नसते, प्रश्नाची भाषा असते. त्यावर पुढे सांगतो.

ऑनलाइन होमवर्क म्हणजे काय

दोन प्रकार समजून घ्या.

पहिला प्रकार, ज्यात उत्तर टाकलं की कॉम्प्युटर तिथल्या तिथे बरोबर की चूक सांगतो आणि पुन्हा प्रयत्न करायला देतो. अमेरिकेतल्या कॉलेजांत एलेक्स, मास्टरिंग केमिस्ट्री, वेबअसाइन अशी नावं आहेत. एकाच वर्गातल्या दोन पोरांना प्रश्न तोच पण आकडे वेगवेगळे येतात, म्हणजे शेजाऱ्याचं उत्तर उतरवून चालत नाही. ज्यांची नातवंडं परदेशात शिकतात त्यांनी ही नावं ऐकली असतील. त्याला वेगळे पैसे पडतात.

दुसरा प्रकार आपल्याकडचा, सरकारी. आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मिळून चालवलेलं एनपीटीईएल, आणि 2017 साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं स्वयंम. इथे केमिस्ट्रीचे कोर्स आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. नाव नोंदवायला आणि शिकायला एक पैसा पडत नाही. दर आठवड्याला व्हिडिओ येतात आणि दर आठवड्याला एक होमवर्क. मुदतीच्या आत कितीही वेळा उत्तर बदलता येतं, शेवटचं टाकलेलं धरतात. बरोबर उत्तरं मात्र मुदत संपल्यावरच दिसतात.

काही कॉलेजं स्वतःच्या वर्गासाठीही गुगल क्लासरूमसारखी सोय वापरतात. नाव कुठलंही असो, शिकायची रीत एकच आहे. तीच इथे सांगतो.

एक सूचना. यूजीसीच्या 2021 च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयंमवरून करता येतात. पण कुठला कोर्स धरायचा हे कॉलेज ठरवतं. म्हणून पोराने आधी कॉलेजात विचारावं आणि मगच नाव नोंदवावं.

मुदत म्हणजे पाणी

बोट काढायची तर पाणी बघावं लागतं. भरती कोणासाठी थांबत नाही. होमवर्कची मुदत तशीच. एनपीटीईएलवर ती बहुतेक वेळा बुधवारी रात्री 11 वाजून 59 मिनिटांना असते. 12 वाजता दार बंद. सरांकडे जाऊन "लाइट गेली होती, नेट नव्हतं" असं सांगायची सोय कॉम्प्युटरपाशी नाही.

म्हणून मुदत बुधवार असली तरी घरातल्या कालनिर्णयवर सोमवारला खूण करा. सोमवारी रात्री होमवर्क एकदा तरी टाकलेला पाहिजे, अर्धा चुकलेला असला तरी चालेल. मंगळवार आणि बुधवार हे दुरुस्तीचे दिवस. गाडीत बसून, नेट येत-जात असताना शेवटच्या तासाला उत्तरं टाकणं म्हणजे उधाणाच्या तोंडावर बंदराचं तोंड शोधण्यासारखं आहे.

नियमात थोडी सवडही ठेवलेली आहे. 12 आठवड्यांच्या कोर्सात चांगले गेलेले 8 होमवर्क धरतात, 8 आठवड्यांच्या कोर्सात 6. घरात लग्न आहे, आजारपण आहे, एखादा आठवडा गेला तर आकाश कोसळत नाही. पण ही सवड पहिल्याच महिन्यात आळसात घालवू नका.

आधी वही, मग फोन

आता खरा धडा. आपल्या ओळखीचं गणित घेऊ.

प्रश्न असा : साडेसतरा ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण 500 मिलिलिटर द्रावण केलं. त्याची मोलॅरिटी किती? म्हणजे एका लिटरमध्ये मिठाचे किती मोल?

वहीत पायरी पायरीने करायचं.

1. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियमचा भार 23, क्लोरीनचा 35.5, बेरीज 58.5.
2. मोल किती? 17.5 भागिले 58.5, म्हणजे 0.299.
3. 500 मिलिलिटर म्हणजे अर्धा लिटर, 0.5.
4. 0.299 भागिले 0.5, उत्तर 0.598.

योगायोग नाही, आकडे मुद्दाम घेतलेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते सगळं साधं मीठ धरलं तर आपल्या दर्याचं पाणी साधारण एवढंच, 0.6 मोलॅरिटीचं. रोज ज्या पाण्यात जाळं टाकतो त्याचा हा आकडा आहे.

फोनवर फक्त शेवटचा आकडा जातो. पण वहीत चार ओळी नसतील तर उत्तर चुकल्यावर कुठे चुकलं ते कळणार कसं? जाळं फाटलं तर नाखवा आख्खं जाळं फेकत नाही, हाताने चाचपत जातो आणि फाटका आस शोधतो. वही त्यासाठी. हा या धड्यातला पहिला नियम : वहीत पूर्ण झाल्याशिवाय फोन हातात घ्यायचा नाही.

चुकलेलं उत्तर वाचायला शिका

कॉम्प्युटर फक्त "चूक" म्हणतो. बहुतेक पोरं इथे चिडतात आणि दुसरा कुठला तरी आकडा ठोकतात. तसं करू नका. चुकलेला आकडा स्वतःच सांगतो कुठे घसरलात ते. वरच्याच प्रश्नात बघा.

उत्तर 0.000598 आलं : हजार पटीने लहान आहे. म्हणजे मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले. एककाची चूक.

उत्तर 0.299 आलं : बरोबर निम्मं आहे. म्हणजे मोल काढून थांबलात, लिटरने भागायचं राहिलं.

उत्तर 0.986 आलं : पट ना हजाराची ना निम्मी. मग भार तपासा. नुसत्या क्लोरीनचा 35.5 घेतला, सोडियम विसरला.

उत्तर 0.6 टाकलं आणि चूक दाखवलं : गणित बरोबर आहे, फक्त आकडा आधीच गोल केला. प्रश्नात तीन सार्थ अंक मागितले असतील तर 0.598 च टाकायचं. मधल्या पायरीत गोल करायचं नाही, शेवटी एकदाच.

आता एक पायरी पुढे. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो, कारण मिठाने पाणी गोठायचं तापमान खाली जातं. किती खाली, हाही कॉलेजातला नेहमीचा प्रश्न. एक किलो पाण्यात 35 ग्रॅम मीठ आहे, पाणी किती अंशावर गोठेल? मोल 0.598, पाण्याचा स्थिरांक 1.86. गुणाकार 1.11. पुष्कळ पोरं इथेच उत्तर टाकतात आणि चूक येते. कारण मीठ पाण्यात गेलं की त्याचे दोन कण होतात, सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक. म्हणून दोनने गुणायचं, 2.22. तुमचं उत्तर बरोबर निम्मं आलं असेल तर समजा, कणांची फोड विसरलात.

आणि प्रश्न नीट वाचा. "तापमान किती अंशाने उतरेल" विचारलं असेल तर उत्तर 2.22. "किती अंशावर गोठेल" विचारलं असेल तर उणे 2.22. शब्द दोन, उत्तरं दोन. खरा समुद्र उणे 1.9 च्या आसपास गोठतो. थोडा फरक पडतो, कारण दर्यात नुसतं मीठ नसतं आणि कण एकमेकांना धरूनही असतात.

वहीच्या मागच्या पानावर आपल्या चुकांची यादी करा. एकक किती वेळा, भार किती वेळा, उणे चिन्ह किती वेळा. महिन्याभरात कळतं की आपण नव्या चुका फार करत नाही, त्याच दोन-तीन पुन्हा पुन्हा करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री आख्खं पुस्तक वाचण्यापेक्षा ते एक पान वाचलेलं बरं.

आकडा टाकताना

काही चुका केमिस्ट्रीच्या नसतात, फोनच्या असतात.

फोनला मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर आकडे मराठी पडू शकतात. कॉम्प्युटरला ते कळतीलच असं नाही. इंग्रजी आकडेच टाका.

चौकटीत फक्त आकडा टाका. त्यापुढे एकक लिहायचं तर तसं सांगितलेलं असतं.

दशांशाला टिंब द्यायचं, स्वल्पविराम नाही.

शेवटी सबमिट बटण दाबलं का ते बघा आणि जमा झाल्याचा जो संदेश येतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

भाषेसाठी एक वेगळी छोटी वही करा. सोल्यूट म्हणजे द्राव्य, सॉल्व्हंट म्हणजे द्रावक, सोल्यूशन म्हणजे द्रावण, प्रेसिपिटेट म्हणजे अवक्षेप, टायट्रेशन म्हणजे अनुमापन. शाळेत मराठीतून शिकलेलं वाया गेलेलं नाही, फक्त नावं बदललीत. दर आठवड्याला दहा शब्द लिहिले तरी एका सत्रात शंभरावर जातात, आणि प्रश्न वाचताना अडायला होत नाही.

तयार उत्तरं का घेऊ नयेत

यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर दर आठवड्याची उत्तरं फुकट फिरतात. आता तर प्रश्नाचा फोटो टाकला की एआय उत्तर देतो. पोरांना हे माहीत आहे, आईबापांनाही माहीत असावं. नीतीचं भाषण मी देत नाही. हिशोब सांगतो, आपल्याला हिशोब कळतो.

एनपीटीईएलच्या कोर्सात होमवर्कचे 25 गुण आणि केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यायच्या परीक्षेचे 75. पास व्हायला होमवर्कात 25 पैकी 10 पाहिजेत आणि परीक्षेत 75 पैकी 30 पाहिजेत. दोन्ही वेगवेगळे.

आता एका पोराने बाराही आठवडे उतरवून 25 पैकी 25 मिळवले. परीक्षेत फोन नाही. तिथे 28 आले. बेरीज 53, तरी नापास.

दुसऱ्या पोरीने स्वतः चुकत-माकत केलं, होमवर्कात 15 मिळाले. परीक्षेत 40. बेरीज 55, पास.

होमवर्कात उतरवलेल्या गुणांनी परीक्षेतले गुण भरून निघत नाहीत. म्हणून एआय वापरायचाच तर उत्तर मागू नका. आपली वहीतली पायरी दाखवा आणि "यात चूक कुठल्या ओळीत आहे" एवढंच विचारा. तोही कधी कधी ठामपणे चुकीचं सांगतो, म्हणून ते वहीत पडताळून घ्या.

घरच्यांनी काय करायचं

तुम्हाला केमिस्ट्री यायची गरज नाही. पाच गोष्टी केल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली, ओटीपी. क्रेडिट जमा करण्यासाठी जो अपार किंवा एबीसी क्रमांक लागतो तो डिजिलॉकरवर निघतो, आणि त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. बऱ्याच घरांत पोराच्या आधारला बापाचा नंबर असतो. बाप बोटीवर, किनाऱ्यापासून लांब, फोनला रेंज नाही. इकडे पोरगं ओटीपीची वाट बघतंय आणि फॉर्मची तारीख चाललीय. जून-जुलैत बंदी असते, बोटी किनाऱ्याला असतात. तेव्हाच आधार केंद्रावर जाऊन पोराचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.

दुसरी, परीक्षेचा फॉर्म. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही. परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची फी वेगळी. गेली काही वर्षं ती एका कोर्सला 1000 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत असते. त्या सत्राची सूचना बघूनच पैसे भरा.

तिसरी, ही फी आधीच बाजूला काढा. जुलैच्या सत्राचा कोर्स सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दोन महिने धंदा बंद राहून हात रिकामा झालेला असतो. मेच्या शेवटच्या फेऱ्यांच्या वाटणीतून जाळ्याचे, इंजिनाचे पैसे काढता, त्यातच हेही काढून ठेवा.

चौथी, "फोन ठेव" म्हणायच्या आधी "वही दाखव" म्हणा. वहीत आजच्या तारखेच्या चार ओळी असतील तर पोरगं अभ्यासच करतंय. नसतील तर मग बोला. तुम्हाला त्यातलं अक्षर कळलं नाही तरी चालेल, वही भरलेली आहे की कोरी ते कोणालाही कळतं.

पाचवी, मुलीला आणि मुलाला एकच न्याय. सुट्टीत घरी आलेली मुलगी पहाटे बंदरावर, दुपारी सुकवणीवर, संध्याकाळी चुलीपाशी, आणि होमवर्क रात्री अकराला, हे चालायचं नाही. तिच्या मुदतीच्या दिवशी तिला दोन तास मोकळे द्या.

शिकून आपल्याला काय उपयोग

वडोदऱ्याच्या कारखान्यांचं सांडपाणी सुमारे 55 किलोमीटरच्या कालव्याने महीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताकडे नेलं जातं. तिथेही मासेमारी करणारे लोक राहतात. आपल्याकडे तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचा प्रश्न घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली, हे तुम्हाला माहीत आहे. अशा खटल्यात बोंबील कमी झाला, पाण्याला वास येतो, एवढं सांगून भागत नाही. तिथे कागद लागतात आणि कागदावर आकडे असतात.

पर्यावरण नियमांत किनाऱ्याच्या समुद्रात सोडायच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा दिल्यात. पीएच 5.5 ते 9. सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत. बीओडी 100 पर्यंत. आता पीएच 7.5 च्या जागी 5.5 आला तर आम्लपणा किती वाढला? दोन अंकांचा फरक बघून आपण म्हणू थोडासा. पण पीएचचा एक अंक म्हणजे दहा पट. दोन अंक म्हणजे शंभर पट. होमवर्कात हा प्रश्न चुकवून मग बरोबर केलेलं पोरगं अहवाल हातात आला की लगेच ओळखेल. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रीत पोरं कॉलेजच्या प्रयोगशाळेतच शिकतात. तो उतरला की मासा मरतो किंवा पळतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. आकड्यात सांगणारं माणूस मात्र आपल्यात कमी आहे.

आजवर आपण हे अहवाल दुसऱ्याकडून वाचून घेतले. आपल्या घरातलं पोरगं ते वाचू लागलं तर सोसायटीचं बोलणं कुठल्याही टेबलावर वजनाने होईल. नोकरी लागेल ती वेगळीच.

ज्यांची मुलं यंदा बारावी सायन्सला आहेत किंवा वडोदऱ्याला आहेत, त्यांनी बंदीच्या दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात यावं. येताना पोराचं आधार, बारावीची मार्कशीट, आणि कोर्स चालू असेल तर वही घेऊन या. अपार क्रमांक आणि डिजिलॉकरचं काम तिथेच बसून करू. आधीच्या वर्षी असा कोर्स केलेल्या मुलांनीही यावं, धाकट्यांना तुमचं सांगितलेलं लवकर पटतं.

हा धडा आपल्या वाड्यातल्या ग्रुपवर टाका. बोटीवर असलेल्यांना रेंजमध्ये आल्यावर वाचता येईल.

आपला,
सचिव